सदुसष्ट सेंटिमीटर : तापीकाठच्या एका पाइपलाइनीचं प्रकरण

जानेवारी २०२५. चोपडा तालुक्यात, तापीच्या उत्तर काठावरच्या एका गावात उपसा सिंचनाच्या पाइपलाइनीचं लाइनआउट, म्हणजे जमिनीवर रेघ आखणं, चाललं होतं. रोव्हर (उपग्रहांवरून जागा दाखवणारं दांड्यावरचं यंत्र) धरलेला पोरगा पुढे, फक्कीची बादली घेतलेला मजूर मागे. दुपारपर्यंत चारशेएक मीटर पांढरी रेघ पडली आणि एका बांधापाशी काम थांबलं, कारण तिथे आप्पा उभे होते. बांधापासून दीड फूट अलीकडून जायची रेघ बांधावर चढली होती आणि पुढे त्यांच्या केळीच्या पहिल्या ओळीला लागत होती. पोराने स्क्रीन दाखवली. डिझाइनचा बिंदू आणि रोव्हरचा बिंदू एकमेकांवर, चूक दोन-तीन सेंटिमीटरची.

आप्पांनी स्क्रीनकडे बघितलंही नाही. "मन्हा बांध आठेच शे. तुन्हं यंत्र सरकनं व्हई."

संध्याकाळी मला फोन आला. २०१२ साली या लाइनीचा मूळ सर्व्हे मी केला होता. तेव्हा डिप्लोमा होऊन दोन वर्षं झाली होती आणि अंगात मस्ती होती. योजनेचा पहिला टप्पा नदीकाठच्या जॅकवेलपासून (पाणी उपसायच्या विहिरीपासून) एका चेंबरपर्यंत झाला, मग पैसे आटले. दुसरा टप्पा तेरा वर्षांनी सुरू झाला तो नव्या ठेकेदाराकडे, नव्या यंत्रांसह, पण निर्देशांक, म्हणजे प्रत्येक बिंदूची जागा सांगणारे आकडे, माझेच जुने. त्यामुळे 'चूक कोणाची' या प्रश्नात माझं नाव आपोआप वर आलं होतं.

खानदेशात बांधाचा वाद म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. दोन सख्खे भाऊ कोर्टात वीस वर्षं एका धुऱ्यावरून भांडतात आणि दोघांच्याही पोरांना मूळ धुरा कुठे होता ते ठाऊक नसतं. इथे तर शेजारच्याने पाइपलाइनीला संमती दिलेली आणि आप्पांनी दिलेली नाही. रेघ दोन फूट इकडची तिकडे झाली की थेट पोलीस पाटलाकडे जायचं प्रकरण.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोचलो तेव्हा ठेकेदाराच्या इंजिनिअरने आपली बाजू तयार ठेवली होती. त्याने तीन वेळा मोजलं होतं. दोन वेगळे रोव्हर वापरले होते. सातपुड्याच्या पायथ्याला मोबाइलची रेंज येते-जाते, म्हणून त्याने उपग्रहावरूनच दुरुस्ती पाठवणारी पैसे भरून घेतलेली सेवा लावली होती. तिला बेस, म्हणजे जवळ मांडलेला दुसरा स्थिर रिसीव्हर, लागत नाही, मोबाइल लागत नाही. तिन्ही वेळा उत्तर तेच आलं. त्याने आणखी एक गोष्ट सांगितली, आणि ती सांगताना त्याचा सूर जरा चढा होता: जुन्या चेंबरचा मध्यसुद्धा माझ्या निर्देशांकाशी जुळत नव्हता. "सर, पहिल्या ठेकेदाराने चेंबरच दोन फूट बाजूला बांधलंय."

चेंबर दोन फूट बाजूला बांधलं जाऊ शकतं, असं काही आपल्याकडे घडतच नाही असं नाही. पण मी त्या चेंबरचं लाइनआउट स्वतः केलं होतं.

म्हणून मी आधी टेप काढली. २०१२ च्या फील्डबुकात, घामाचे डाग पडलेल्या एका पानावर, मी लाइनीपासून जवळच्या पक्क्या वस्तूंची अंतरं लिहून ठेवली होती. त्या बांधाजवळ, लाइनीच्या ईशान्येला एक जुनी दगडी विहीर आहे. कठड्याच्या कोपऱ्यापासून लाइन ७.४० मीटर, असं पानावर होतं. फक्कीची रेघ निघाली ८.०६ मीटरवर. चेंबरच्या मध्यापासून विहिरीपर्यंतचं अंतर मात्र जुन्या पानाशी बोटभर फरकाने जुळलं. म्हणजे विहीर, चेंबर, बांध सगळं एकमेकांशी होतं तसंच होतं. या सगळ्यांपासून फक्त निर्देशांक फुटून निघाले होते, नैर्ऋत्येला, ६६ सेंटिमीटर.

इथे एक योगायोग नोंदवायला हवा. पाइपलाइन नदीकडून वायव्येला जाते. सरक नैर्ऋत्येला, म्हणजे लाइनीला बरोबर काटकोनात. तीच लाइन ईशान्येला जाणारी असती तर रेघ स्वतःच्याच अंगावर मागे सरकली असती, सगळे व्हॉल्व्ह दोन फूट अलीकडे बसले असते आणि कोणालाही काही कळलं नसतं. अशी किती कामं आजवर झाली असतील, याचा विचार मी सहसा करत नाही.

२०१२ साली लाइनीवर सात सिमेंटचे खांब रोवले होते, डोक्यावर पितळी खिळा. सातही शोधून काढले. एक केळीच्या बागेत इतका आत होता की वर पानांचं छप्पर. तिथे अँटेना उंच दांड्यावर न्यावी लागली. प्रत्येक खांबावर चार-चार तास स्थिर मोजणी केली. हे दोन दिवसांत उरकेल असं वाटलं होतं, चार लागले. संध्याकाळी सातनंतर रोव्हर मधूनच फिक्स (सेंटिमीटरचं पक्कं उत्तर) सोडून फ्लोटवर (डळमळीत उत्तरावर) जायचा. यात यंत्राचा दोष नव्हता. वातावरणाच्या वरच्या थरातला विद्युतभारित पट्टा सूर्यास्तानंतर आपल्या अक्षांशांवर खवळतो, आणि २०२४-२५ ही सूर्याच्या अकरा वर्षांच्या फेऱ्यातली तापलेली वर्षं. यात नव्या उपग्रहांचा फरक प्रत्यक्ष जाणवला. २०१२ मध्ये माझा रिसीव्हर अमेरिकी जीपीएस आणि रशियन ग्लोनास मिळून पंधराएक उपग्रह धरायचा, तेही दोन वारंवारतांवर. आता युरोपचा गॅलिलिओ, चीनचा बैदू आणि आपला नाविक धरून आकडा चाळिशीकडे जातो, आणि त्यातले बरेच तिसरी वारंवारताही पाठवतात. एखाद-दुसऱ्याचा सिग्नल थरथरला तरी बाकीचे सांभाळून घेतात. केळीच्या बागेतला खांब तर जुन्या रिसीव्हरने मोजताच आला नसता.

त्याच दिवसांत, २९ जानेवारीला, श्रीहरिकोट्याहून शंभरावं उड्डाण झालं आणि नाविकचा एनव्हीएस-०२ वर गेला. आम्ही बांधावर बसून मोबाइलवर पाहिलं. पुढे झडप न उघडल्यामुळे तो ठरलेल्या कक्षेत पोचू शकला नाही. त्याच्या आधीचा एनव्हीएस-०१ हा मे २०२३ मध्ये भारतीय बनावटीचं रुबिडियम घड्याळ घेऊन गेला होता. घड्याळाचा मुद्दा पुढे येईल.

सात खांबांचा हिशेब

चार-चार तासांचा डेटा मी २०१२ ला वापरली होती त्याच प्रकारच्या ऑनलाइन सेवेला पाठवला. अशा सेवा जगभरच्या कायम चालू असलेल्या स्टेशनांशी तुमची मोजणी जोडून ज्या दिवशी मोजलं त्या दिवसाचे निर्देशांक देतात. जुने आणि नवे शेजारी ठेवले. पाच खांब पूर्वेला ४९ ते ५१ सेंटिमीटर आणि उत्तरेला ४४ ते ४६ सेंटिमीटर सरकले होते. पाचही एकाच दिशेने, एकाच मापाने. कर्ण काढला तर ६७ च्या आसपास.

उरलेले दोन वेगळे निघाले. चौथा खांब पूर्वेला ४६ आणि उत्तरेला ५२. त्याच्या बुडाशी सिमेंट उडालेलं होतं; रोटाव्हेटरचा फटका. सहावा आडव्या दिशेत बाकीच्यांसारखाच, पण उंचीत पाच सेंटिमीटर वेगळा. तो काळ्या मातीत होता. कापसाची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि जेमतेम दोन फूट खोल पाया असलेला खांब तिच्याबरोबर वरखाली होतो. तो खांब तिथे रोवणारा मीच. पन्नास पावलांवर बेसाल्टचा उघडा खडक होता, पण तिथवर सिमेंटची पाटी कोण नेणार, असा तेव्हाचा हिशेब.

आता पाच खांब तेरा वर्षांत एकसारखे ६७ सेंटिमीटर ईशान्येला कसे जातील? उत्तर शाळेच्या भूगोलात आहे, फक्त आपण ते हिमालयापुरतं वाचतो. भारतीय प्लेट सरकते. चोपड्याच्या अक्षांश-रेखांशाला तिचा जागतिक चौकटीतला वेग काढला तर पूर्वेला वर्षाला साधारण ३९ मिलिमीटर आणि उत्तरेला साधारण ३५ मिलिमीटर येतो. दोन्ही मिळून ५२ मिलिमीटर, दिशा जवळजवळ नेमकी ईशान्य. वर्षाचे आठवडे बावन्न. म्हणजे दर आठवडे बाजाराला एक मिलिमीटर. तेराने गुणा: पूर्वेला ५०, उत्तरेला ४५. पाच खांबांनी तेच सांगितलं होतं.

सहा किलोमीटरच्या लाइनीत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत या वेगात जो फरक पडतो, तो तेरा वर्षांत एक मिलिमीटरही होत नाही. म्हणून विहीर, बांध, चेंबर, आप्पांची केळी सगळी मिळून गेली. आपसांत काहीही हललं नाही. टेपला हे कधीच दिसणार नाही. टेप जमिनीवर बसून मोजते. उपग्रह जमिनीवर बसलेला नाही.

ठेकेदाराच्या सेवेने आजचे निर्देशांक दिले, डिझाइनमध्ये २०१२ चे होते. माझ्या रिपोर्टात काय लिहिलं होतं? फक्त 'डब्ल्यूजीएस ८४', म्हणजे जीपीएस ज्या चौकटीत जागा सांगतं तिचं नाव. हे लिहिणं म्हणजे पत्त्यात 'महाराष्ट्र' लिहून पोस्टमनवर सोपवणं. डब्ल्यूजीएस ८४ ही एकच गोष्ट नाही. अमेरिकेने ती वेळोवेळी नव्याने बसवली आहे. २०२१ ची आवृत्ती आयटीआरएफ २०१४ या जागतिक चौकटीला (तिच्याबद्दल पुढे) जुळवलेली, २०२४ ची आयटीआरएफ २०२० ला. पण या आवृत्त्यांतला फरक मिलिमीटरांचा आहे. माझा ६७ सेंटिमीटरचा घोळ चौकटीच्या नावामुळे झालाच नव्हता. तो तारीख न लिहिल्यामुळे झाला होता. धंद्यात या तारखेला इपॉक म्हणतात. गट नंबर न लिहिलेला सातबारा जितका उपयोगी, तितका इपॉक न लिहिलेला निर्देशांक.

३९ आणि ३५ हे आकडे येतात कुठून

इंजिनिअर हुशार होता. त्याने विचारलं, "सर, प्लेट सरकते हे मान्य. पण कशाच्या संदर्भाने? आपण सगळेच सरकतोय तर स्थिर काय आहे?" हा प्रश्न मला २०१२ मध्ये पडला असता तर हे प्रकरण घडलंच नसतं.

उत्तर असं, की स्थिर काहीच नाही. माणसांनी मिळून एक चौकट ठरवली आहे आणि ती सतत दुरुस्त करत ठेवावी लागते. आयटीआरएफ ही ती जागतिक चौकट. फ्रान्सची आयजीएन ही संस्था ती तयार करते. सध्याची आयटीआरएफ २०२० ही २०२२ च्या एप्रिलमध्ये आली. जगभरच्या स्टेशनांचे एका तारखेचे निर्देशांक आणि प्रत्येकाचा वेग अशी ती यादी असते. भारतातली बंगळुरू आणि हैदराबादची स्टेशनं त्यात वर्षानुवर्षं आहेत, आणि आपल्या प्लेटचा वेग अशाच स्टेशनांवरून निघतो.

चौकटीला तीन गोष्टी लागतात: केंद्र कुठे, दिशा कोणत्या, आणि मीटर केवढा. शेवटची गंमतीची आहे. चाळीसगावजवळच्या पाटणला इ.स. १२०७ चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने मठ काढला त्याचा. भास्कराचार्यांनी पृथ्वीचा परीघ ४९६७ योजनं सांगितला. आकडा नेमका; पण योजन केवढं, यावर अभ्यासक अजून वाद घालतात. आकडा पक्का आणि माप सैल, हे दुखणं फक्त जुन्या काळाचं नाही. उपग्रहांच्या बाबतीत ते परवापरवापर्यंत होतं.

चौकट चार पद्धतींनी बांधतात. दूरच्या क्वेसारांकडून (अतिदूरच्या दीर्घिकांच्या तेजस्वी केंद्रांकडून) येणाऱ्या रेडिओ लहरी दोन खंडांवरच्या दुर्बिणींनी एकाच वेळी ऐकायच्या, ही एक. उपग्रहावरच्या आरशांवर लेझर मारून परत येण्याचा वेळ मोजायचा, ही दुसरी. फ्रान्सची डोरिस ही रेडिओ यंत्रणा तिसरी. आणि आपली रोजच्या वापरातली दिशादर्शक उपग्रहांची, चौथी. पृथ्वीच्या वस्तुमानाचं केंद्र लेझरने ठरतं, मीटरचं माप लेझर आणि क्वेसार मिळून देतात. चौथ्या पद्धतीची स्टेशनं सर्वांत जास्त, जगात कुठेही, स्वस्त. पण आयटीआरएफ २०२० च्या केंद्रात आणि मापात तिचा हात नाही.

का नाही, तर सिग्नल नेमका कुठून निघतो हे ठाऊक नव्हतं. उपग्रहाची कक्षा त्याच्या गुरुत्वमध्याची काढतात, सिग्नल मात्र अँटेनातून निघतो, आणि त्या अँटेनाचा विद्युतीय मध्य धातूच्या तुकड्यावर खूण करून दाखवता येत नाही. जुन्या जीपीएस उपग्रहांची पुरेशी माहिती जाहीर नव्हती. मग काय करायचे? जमिनीवरच्या स्टेशनांचं माप बरोबर धरून त्यावरून उपग्रहांच्या अँटेनाचा मध्य उलट काढायचे. कापडाच्या दुकानात गज कापडावरून तपासावा, तसं. अशा गजाला स्वतःचं माप कुठून असणार? हा मध्य १३ सेंटिमीटरने चुकला तर पूर्ण चौकटीचं माप शंभर कोटींत एक इतकं चुकतं, आणि पृथ्वीच्या त्रिज्येवर ते जगातल्या प्रत्येक उंचीत सहा मिलिमीटर होतं.

गॅलिलिओने हे कोडं सोडवायला सुरुवात केली. युरोपने त्या उपग्रहांचे अँटेना उड्डाणाआधी बंद कक्षात मोजले होते, आणि २०१६-१७ मध्ये ती मापं, उपग्रहांचं वजन, आकार, पृष्ठभागांचे गुणधर्म असं सगळं जाहीर केलं. शेवटचं का लागतं? कारण सूर्यप्रकाशही उपग्रहाला ढकलतो, आणि ढकल किती हे कळलं नाही की कक्षा बिघडते आणि केंद्र शोधताना तीच चूक आड येते. गॅलिलिओच्या प्रत्येक उपग्रहावर लेझरचे आरसेही आहेत, त्यामुळे रेडिओने काढलेली कक्षा लेझरने तपासता येते. नाविकवरही असे आरसे आहेत. जीपीएसच्या जुन्या पिढीत फक्त दोन उपग्रहांवर होते. पुढच्या पिढीत ते परत येत आहेत. घड्याळाचं म्हणाल, तर गॅलिलिओवर हायड्रोजन मेझर ही अतिशय स्थिर अणुघड्याळं आहेत. मोजणीत उंची आणि घड्याळाची चूक एकमेकांत मिसळतात; घड्याळ जितकं शांत, तितकी उंची वेगळी काढणं सोपं.

या मापांवरून दिशादर्शक उपग्रहांनी पहिल्यांदा स्वतःचा मीटर काढला. तो आयटीआरएफ २०१४ च्या मीटरपेक्षा साधारण शंभर कोटींत एक इतका मोठा निघाला. म्हणजे तेच सहा-सात मिलिमीटर. कोण बरोबर, यावर मंडळी अजून डोकं लावत आहेत, आणि माझ्या मते हीच खरी प्रगती. आजवर चौथ्या पद्धतीला भांडायचीच सोय नव्हती.

एक भाग मला, सर्व्हेअर म्हणून, फार आवडतो. या चार पद्धती एकमेकींना जोडतात कशा? जिथे एकाच आवारात दुर्बीण, लेझर आणि अँटेना आहेत, दक्षिण आफ्रिकेतल्या हार्टेबीस्टहूकला तर चारही, तिथे त्यांच्यातलं अंतर मोजून. ते मोजतो कोण? टोटल स्टेशन (कोन आणि अंतर मोजणारं यंत्र) घेऊन ट्रायपॉडवर वाकलेला आपल्यासारखाच माणूस. दुर्बिणीचे अक्ष जिथे छेदतात तो बिंदू हवेत असतो, त्याला हात लावता येत नाही; तो आडवळणाने काढावा लागतो. जगाच्या चौकटीत जी मिलिमीटरांची कुरबुर उरते, तिचा एक भाग या जोडण्यांतून येतो. म्हणून युरोपीय अवकाश संस्थेने २०२२ मध्ये जेनेसिस नावाच्या उपग्रहाला मंजुरी दिली. चारही पद्धतींची उपकरणं एकाच उपग्रहावर, सुमारे ६००० किलोमीटर उंचीवर. त्यांच्यातली अंतरं प्रयोगशाळेत आधीच मोजलेली. २०२४ मध्ये त्याचं कंत्राट दिलं गेलं आणि २०२८ मध्ये तो सोडायचा बेत आहे. लक्ष्य एक मिलिमीटर अचूकतेची चौकट, आणि तीही वर्षाला ०.१ मिलिमीटरपेक्षा जास्त न हलणारी. तापी सुरतेपलीकडे ज्या समुद्राला मिळते त्याची पातळी वर्षाला मोजक्या मिलिमीटरांनी वाढते आहे की कशी, हे सांगायला मोजपट्टी त्याहून स्थिर हवी, इतकं साधं कारण.

उंचीचा मोह

एवढं वाचून ठेवल्याचा मला लगेच तोटा झाला. पाच चांगल्या खांबांची उंची २०१२ पेक्षा सरासरी तीन सेंटिमीटर जास्त येत होती. पाइपलाइनीला उतार हवा, उंची महत्त्वाची. माझ्या मनाने ताबडतोब सांगितलं: चौकट बदलली, अँटेनाची मॉडेलं बदलली, मीटर बदलला. रिपोर्टात हे झकास दिसलं असतं.

पण हिशेब जमेना. चौकटीच्या मापातला फरक खेचून खेचून सहा-सात मिलिमीटर. ऋतूचा फरक नाही, दोन्ही मोजण्या जानेवारीतल्या. उरलेले दोन सेंटिमीटर कुठून आणायचे? शेवटी पुन्हा घामाचे डाग पडलेलं पान. अँटेनाची उंची मी तिरक्या टेपने अँटेनाच्या बाहेरच्या कडेपर्यंत मोजली होती आणि सॉफ्टवेअरला ती बुडापर्यंतची सरळ उंची म्हणून दिली होती. त्या मॉडेलच्या मापांनी हिशेब केला तर फरक दोन सेंटिमीटरांहून थोडा जास्त. म्हणजे जागतिक चौकटीचा दोष जास्तीत जास्त काही मिलिमीटर, बाकी माझ्या हाताचा. गॅलिलिओवाल्यांनी आपल्या अँटेनाचा मध्य बंद कक्षात मोजून जाहीर केला. मी माझ्या अँटेनाचा मध्य चुकवला, तोही हातात टेप असताना.

हे मी रिपोर्टात लिहिलं. ठेकेदाराच्या ऑफिसातून फोन आला, की हा परिच्छेद गाळला तर चालेल का. नाही गाळला.

काम पुढे कसं नेलं, ते थोडक्यात. दोन मार्ग होते. एक, डिझाइनचे सगळे निर्देशांक वेगाच्या हिशेबाने आजच्या तारखेला आणायचे. दुसरा, पाच चांगल्या खांबांवर रोव्हरला बसवून घ्यायचं आणि जुने निर्देशांकच वापरायचे. पहिला शास्त्राला धरून; दुसरा शेतात टिकणारा, कारण उद्या येणारा पोरगा इपॉक बदलायला विसरेल, खांबावर रोव्हर टेकवायला विसरणार नाही. आम्ही दुसरा निवडला आणि पडताळणीला पहिला केला. दोन्ही उत्तरं दोन सेंटिमीटरांच्या आत जुळली. काळ्या मातीतला खांब बाद केला, त्याच्याऐवजी त्या बेसाल्टच्या खडकावर भोक पाडून खिळा ठोकला. पन्नास पावलं, अर्धा तास.

फक्की पुन्हा मारली. विहिरीच्या कठड्यापासून ७.४२ मीटर. रेघ बांधाच्या अलीकडे, जिथे होती तिथे.

आप्पा पूर्ण वेळ कडुनिंबाखाली बसून होते. मी जाऊन सांगितलं, की आप्पा, बांध हलला नाही, पण सगळं गावच दर आठवड्याला एक मिलिमीटर ईशान्येला जातंय. यंत्राने जुनी तारीख आणि नवी तारीख एकत्र केली. त्यांनी ऐकून घेतलं, तंबाखू मळली.

"मंग आम्ही बी सरकनूत म्हना."

"हो. मी आलो तेव्हापासून दोन फूट."

"आनि हाऊ नारूबा?" त्यांनी विहिरीपलीकडच्या, ज्याच्याशी त्यांचा जुना वाद आहे त्या शेजाऱ्याकडे मान वळवली.

"तेही तेवढेच."

आप्पांनी तंबाखू तोंडात टाकली. यात त्यांना समाधान वाटलं की निराशा, ते मला कळलं नाही.

नव्या खिळ्यांच्या नोंदवहीत आता पाच रकाने आहेत: पूर्व, उत्तर, उंची, चौकट, इपॉक. शेवटच्या रकान्यात २०२५.०८. ऑफिसातल्या टायपिस्टने पहिल्या प्रतीत ते रुपयांसारखं दोन हजार पंचवीस पूर्णांक आठ पैसे वाचलं आणि बेरजेत धरलं. ती प्रत मी जपून ठेवली आहे.